मशीनवरचा आवाज

प्रीतमने हात वर केला तो कूलरच्या पंपाचं बटन दाबायला, आणि दीक्षाने मान खाली घातली. झालं एवढंच. मे महिन्यातली सकाळ, साडेनऊलाच अंगाची लाही झालेली, कूलर नुसता फुफाटा फेकत होता. बटन पोरीच्या टेबलावरच्या भिंतीत आणि पोरगी टेबलाशी बसून वहीत काही उतरवत होती. बापाचा हात डोक्यावरून गेला तशी तिची मान खांद्यांत शिरली, डोळे मिटले, डावा हात कानापाशी आला आणि उजव्या हाताची मूठ वहीवर दाबली गेली. मग पंप घरघरला, गवतावरून पाणी उतरायला लागलं, ओल्या गवताचा वास खोलीभर पसरला, आणि तिने मान वर करून पुन्हा लिहायला घेतलं. प्रीतम बटनावर हात ठेवून तसाच उभा राहिला. सोळा वर्षांत त्याने या पोरीला एक चापट मारली नव्हती. तो ते चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगू शकला असता, किंबहुना सांगतही असे, आणि तिने त्याच्या सोळा वर्षांच्या न मारण्यावर अर्ध्या सेकंदात पाणी फिरवलं. त्याला दुःख वगैरे काही झालं नाही. त्याला राग आला. असा राग की दातांच्या मुळाशी कळ गेली. मारलं असतं तर निदान हिशोब तरी लागला असता, असंही त्याच्या मनात येऊन गेलं, आणि हे आपल्या मनात आलं म्हणून तो आणखी चिडला.

काय झालं जी, असं त्याच्या बायकोने, कौशल्याने, आतून विचारलं. काही नाही, असं तो म्हणाला, पण ते काही नाही इतकं मोठं होतं की समोरच्या घरातल्या बाईने दाराचा पडदा बाजूला करून पाहिलं. कौशल्या बाहेर आली नाही. तिच्यापाशी या आवाजाला एक नाव होतं आणि त्या नावावर तिचा संसार सुखाने चालला होता. मशीनवरचा आवाज. प्रीतम लकडगंजातल्या आरा मशीनवर सव्वीस वर्षं मिस्त्री होता. सागाचे ओंडके चिरताना तिथे माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि ओरडण्यावर, मग घरी आल्यावर गडी हळू बोलणार कसा? पाहुणे आले आणि प्रीतम भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवून उठला की कौशल्या हसून सांगायची, मनावर घेऊ नका, मशीनवरचा आवाज आहे त्यांचा. मागल्या वर्षी तर ती त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. उजव्या कानाला किंचित कमी ऐकू येतं असा रिपोर्ट निघाला आणि घरात सण झाला. इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत दोन दिवसांत सर्वांना कळलं की प्रीतमभाऊचे कान गेले, बिचारा म्हणून ओरडतो. प्रीतमलाही ते पटलं, म्हणजे त्याने ते पटवून घेतलं. कान जाणं हा कष्टाच्या माणसाचा इज्जतीचा आजार होता. पण त्याच कानांना भिंतीपलीकडे पोरगी मैत्रिणीशी फोनवर कुजबुजते ते ऐकू यायचं. आज बाबांचा मूड कसा आहे ते पाहून सांगते, असं ती कुजबुजायची. हे त्या रिपोर्टात कुठे लिहिलं होतं?

त्याने डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि गाडीची डिक्की उघडून गॉगल शोधायला लागला. गॉगलऐवजी हाताला ती चिठ्ठी लागली. सात महिने ती तिथेच होती, पाना आणि जुन्या फडक्याच्या मधे. दिवाळीच्या आठ दिवस आधी मशीनवर उभा असताना त्याच्या छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं झालं होतं. हातांना मुंग्या, घशात श्वास अडकलेला, घामाने सदरा चिंब, आणि डोक्यात एकच गोष्ट की आपण आता मरतो. पोरांनी त्याला ऑटोत घालून डॉक्टर शरच्चंद्रांकडे नेलं. ते म्हातारे, जुने फिजिशियन, त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं आणि हृदय ठणठणीत आहे म्हणाले. प्रीतमला तेव्हाही रागच आला होता. मरता मरता वाचलेल्या माणसाला तुला काहीच झालं नाही म्हणतात म्हणजे काय? डॉक्टर मात्र कागद बाजूला सारून भलतंच विचारत बसले. झोप कधी मोडते? पहाटे तीनला जाग येते का? जेवणात चव लागते? पूर्वी काय आवडायचं, ते आता आवडतं का? चिडचिड किती दिवसांची? प्रीतमने बेंजोचं सांगितलं. दर एप्रिलात जयंतीच्या मिरवणुकीत तो बेंजो वाजवायचा, गेली दोन वर्षं तो कपाटावर पडला होता. डॉक्टर म्हणाले, हे छातीचं आलं ते भीतीचं असतं, शरीर खोटी घंटा वाजवतं, आणि मागे उदासी असू शकते. प्रीतम म्हणाला, मी रडत नाही कधी. तर ते म्हणाले, रडायलाच पाहिजे असं नाही, पुष्कळ पुरुषांची उदासी रागाच्याच वाटेने बाहेर पडते, आणि दोन आठवड्यांच्या वर झोप, भूक, काम आणि घर बिघडलेलं राहिलं तर मनाच्या डॉक्टरला दाखवायचं असतं, ताप दोन दिवस उतरला नाही तर दाखवतो तसंच. मग रामदासपेठेतल्या एका मॅडमच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. प्रीतम ती घेऊन हसत बाहेर पडला होता. त्याचं तर दोन वर्षांपासून बिघडलेलं होतं.

आता उन्हाने तापलेल्या रस्त्यावर गाडी घालून तो सगळ्यांवर चरफडत होता. पुढे मधेच थांबणाऱ्या ऑटोवर, मेट्रोच्या खांबाखाली आडव्या लावलेल्या गाड्यांवर, हॉर्न वाजवणाऱ्यांवर आणि न वाजवणाऱ्यांवर. त्या म्हाताऱ्या डॉक्टरवर तर सर्वांत जास्त. मनाचा डॉक्टर म्हणे. मशीनवर कोणी जरा तिरसटपणा केला की पोरं म्हणायची, याले पागलखान्यात भरती करा, आणि सगळ्यांच्या आधी हसायचा तो प्रीतम. पण ती गंमत झाली. खरी अडचण निराळी होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. त्याच्या माणसांपाशी ना शेत होतं, ना हवेली, ना कोणाची ओळख. होतं ते डोकं. आजा अंगठेबहाद्दर, बाप चौथी, तो स्वतः बारावी आणि पोरगी आता डॉक्टरकीच्या परीक्षेला बसायची स्वप्नं पाहत होती. डोक्याच्या बळावर तीन पिढ्या उभ्या राहिल्या. आणि त्याच डोक्यात बिघाड झाला, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? कोणी गोड बोलून, अरेरे, म्हटलं असतं तर ते त्याला शिवीपेक्षा जास्त लागलं असतं.

शिवाय घरात ती गोष्ट होती. कुहीकडच्या त्यांच्या गावात ती अजूनही सांगतात, विहारात चार माणसं जमली की सांगतात, आणि त्याची माय तुळसाबाई तर प्रत्येक नव्या सुनेला सांगते. प्रीतम अकरा वर्षांचा असताना त्याचा बाप, नत्थू गवंडी, एक दिवस कामावरून आला आणि बाजेवर आडवा झाला तो उठेचना. थापी कोपऱ्यात गंजत पडली. दाढी वाढली. भिंतीकडे तोंड करून तो माणूस दिवस दिवस पडून राही. मामाला वाटलं बाहेरचं काही लागलं, आणि तो दुसऱ्या गावचा भगत घेऊन आला, लिंबं आणि कडुलिंबाचा फाटा आणि मिरच्यांची धुरी घेऊन. तर आजा काठी घेऊन दारात उभा राहिला. म्हणाला, "आमच्या घरात अंगात येणं छप्पन सालापासून बंद आहे. चालता हो." भगत गेला. गोष्ट इथे संपते आणि ऐकणाऱ्यांची मान ताठ होते. प्रीतमने ती स्वतः शेकडो वेळा सांगितली होती. आणि खरं सांगायचं तर आजाचं बरोबरच होतं, त्या धुरीने बापाचे डोळे तेवढे गेले असते. पण भगत गेल्यानंतर काय झालं ते कोणी सांगत नाही. भगत गेल्यावर आजाने दार लावून घेतलं आणि ते पुढे कोणासाठीच उघडलं नाही. कुहीत सरकारी दवाखाना होता, नागपूर दीड तासावर होतं, आणि नत्थू आणखी वीस महिने त्या बाजेवर पडून राहिला. ज्या घरात अंगात येत नाही त्या घरात कोणाला काही होतच नाही, असं ठरून गेलं होतं. कोणी विचारलं तर माय सांगायची, थकला आहे. वीस महिने थकला होता. त्या म्हाताऱ्यावर, त्या काठीवर, त्या टाळ्या घेणाऱ्या गोष्टीवर प्रीतमला आयुष्यात पहिल्यांदा संताप आला, आणि चौकात लाल दिवा असताना त्याची गाडी तशीच पुढे निघून गेली.

लकडगंजात तो मशीनच्या फाटकाशी पोचला तेव्हा साडेदहा झाले होते. गाडी बंद न करता तो बाहेरच थांबला. आत आरा चालू होता, लाकडाच्या बुराद्याचा गोड वास रस्त्यापर्यंत येत होता, आणि त्या सगळ्या गोंगाटात त्याला अगदी बारीक, सुईच्या टोकाएवढी किरकिर ऐकू आली. पातं तापलं होतं. आणखी दहा मिनिटं चालवलं तर रेघ सोडून भरकटेल आणि फळी वाया जाईल. उतरवा ते, त्याने मनात म्हटलं. मग त्याच्या लक्षात आलं की हे आपण रस्त्यावरून ऐकलं, दुपट्ट्याच्या आतून, त्याच गेलेल्या कानांनी. तो स्वतःशीच एक घाण शिवी पुटपुटला. मार्च महिन्यापासून त्याला त्या मशीनजवळ उभं राहावंसं वाटत नव्हतं, कारण तिथे उभं राहिलं की एक विचार शांतपणे येऊन शेजारी उभा राहायचा. आपण नसलो तर इंदोऱ्यातलं ते घर किती निवांत होईल, पोरगी किती मोठ्याने हसेल. त्या विचारात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला त्याची भीती वाटायची. हे त्याने कौशल्याला सांगितलं नव्हतं. फाटकातून कोणीतरी हात केला. प्रीतमने गाडी वळवली.

रामदासपेठेतल्या त्या दुसऱ्या मजल्यावर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने, पेशंट सोबत आहेत का, असं विचारलं. प्रीतमने मागे पाहिलं. जिन्यावर कोणी नव्हतं.

"गाडी लावून राहिला," तो म्हणाला. "येते मागून."

तिने फॉर्म दिला आणि तो पेशंटचा नातेवाईक होऊन एका खुर्चीत बसला. एसीचा गारवा, भिंतीवर डोंगराचा फोटो, कोपऱ्यात पाण्याचा कॅन. त्याला इथे साखळ्या आणि किंकाळ्या हव्या होत्या, म्हणजे उठून जाता आलं असतं. इथे तर बँकेतल्यासारखी माणसं बसली होती. एक कॉलेजातला मुलगा मोबाइल पाहत होता, एक म्हातारं जोडपं डबा उघडून पोहे खात होतं. शेजारी साठीतल्या एक बाई पिशवीतून गवारीच्या शेंगा काढून मांडीवर मोडत बसल्या होत्या. त्यांनी स्वतःहून इंदुताई म्हणून ओळख करून दिली आणि तुमचं कोण, असं विचारलं. भाऊ, असं प्रीतम म्हणाला. काय होते त्यांना? रागीट आहे, तो म्हणाला, कान कमी आहेत त्याचे. आणि तुमचं कोण? बाईंनी शेंगेचा दोर ओढून काढला. माझी मीच, त्या म्हणाल्या. नवरा गेल्यावर त्यांना घराबाहेर पाऊल टाकता येईना, गेटपर्यंत गेलं की छाती धडधडायची, भाजी शेजारीण आणून द्यायची. आता तीन वर्षं झाली, गोळ्या आधी दोन होत्या, मग एक, आता अर्धी, आणि महिन्यातून एकदा बोलणं. आज सकाळी बाजारात स्वतः गेले होते, असं त्यांनी शेंग दाखवून सांगितलं. मग घड्याळाकडे पाहून त्या वैतागल्या.

"बाकी सगळं चांगलं आहे हो, पण या मॅडम कधी वेळेवर येत नाहीत."

प्रीतमला हसू आलं असतं, पण हसण्याचा स्नायू कुठे असतो ते त्याला आठवेना. तो फॉर्मकडे पाहत राहिला. नाव, वय, त्रास कधीपासून. पहिल्या ओळीत त्याने भावाचं नाव लिहायला पेन टेकवला आणि आपल्याला भाऊ नाही हे त्याला आठवलं. सगळा दोष त्या अर्ध्या सेकंदाचा होता. ती मान खाली गेली नसती तर तो आता बुराद्यात उभा असता, चारचौघांसारखा. कदाचित ती गेलीच नसेल. कदाचित पोरीला शिंक आली असेल, डास बसला असेल. एका पोरीच्या मानेवरून माणूस इथे येऊन बसतो का? तो उठून जिन्याशी गेला आणि त्याने घरी फोन लावला. दीक्षाने उचलला.

"सकाळी तू मान काहून खाली घातली?" त्याने विचारलं. हळू विचारायचं ठरवलं होतं, पण जिना घुमला.

पलीकडे कूलरचा आवाज येत होता. "कधी बाबा?"

"मी पंप लावला तवा."

मग ती अगदी सहज म्हणाली, "पेन पडला होता बाबा. पेन उचलून राहिली होती."

प्रीतमच्या अंगातून वाफ निघून गेल्यासारखं झालं. पेन. अरे, पेन पडला होता. एवढ्यासाठी आपण गाडी सिग्नल तोडत आणली, भाऊ जन्माला घातला. बरं बरं, अभ्यास कर, असं म्हणून त्याने फोन ठेवला, दुपट्टा झटकला आणि तो जिना उतरायला लागला. पोरगी चांगली आहे, त्याने स्वतःला सांगितलं. बापाला जपते. पाचव्या की सहाव्या पायरीवर त्याचा पाय थांबला. पेन तिच्या हातात होता. उजव्या मुठीत होता, वहीवर दाबलेला, आणि त्याची एक निळी रेघ पानावरून तिरपी खाली ओढली गेली होती, लिहिलेल्या चार ओळी कापत. तिने मान वर केली तेव्हा पहिलं काम काय केलं असेल तर ती रेघ तळहाताने झाकली. त्याने ते पाहिलं होतं. सकाळपासून ते त्याच्या डोळ्यांपुढे होतं आणि तो त्याच्याकडे न पाहता अख्ख्या नागपूरवर ओरडत फिरत होता.

आणि हा खोटेपणा त्याच्या ओळखीचा होता. त्या वीस महिन्यांत नत्थू कायम भिंतीकडे तोंड करून नव्हता. कधी कधी तो उठायचा. एकदा पाणी द्यायला उशीर झाला म्हणून त्याने पितळी लोटा फेकला आणि तो प्रीतमच्या डाव्या भुवईवर बसला. दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. हे काय लागलं रे? हातपंपाचा दांडा लागला गुरुजी, असं तो म्हणाला होता, अगदी सहज, याच आवाजात. गुरुजी थोडा वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी सोडून दिलं. ते संध्याकाळी घरी येऊन तुळसाबाईशी बोलणार होते, असं त्याला नंतर कळलं, पण पंपाचा दांडा म्हटल्यावर आले नाहीत. घरी बापाने विचारलं, काय सांगितलं मास्तरला? त्याने सांगितलं. बापाने कितीतरी दिवसांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो हात फिरवून घेतल्याचा आनंद प्रीतमला सदतीस वर्षं पुरला होता. आज जिन्यात उभं राहून त्याला कळलं की त्या दांड्याने त्याने बापाला वाचवलं नव्हतं. त्याने गुरुजींना दारातूनच परत पाठवलं होतं, आजाने भगताला पाठवलं तसं. आणि आता त्याच दारात दीक्षा उभी होती. त्याला इतका राग आला की कठडा धरावा लागला, आणि या वेळी तो राग कोणावर आहे हे त्याला शोधावं लागलं नाही.

तो परत वर आला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, आले का तुमचे पेशंट? आला, असं तो म्हणाला, आणि फॉर्मवर आपलं नाव लिहून तिच्याकडे दिला. त्रास कधीपासून, या रकान्यात त्याने आधी दोन वर्षं लिहिलं, मग ते तसंच ठेवून पुढे वय अकरा असं लिहिलं. इंदुताईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि आपला नंबर आधी असूनही, तुम्ही जा, माझ्या शेंगा व्हायच्यात, असं म्हणाल्या.

आत चारुलता मॅडम चष्मा पुसत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, थोड्या दमलेल्या. उशीर झाला त्याबद्दल त्यांनी माफी मागितली, चिठ्ठीवरची तारीख वाचली, आणि सात महिने का लागले, असं काही विचारलं नाही. काय त्रास होतोय, एवढंच विचारलं. प्रीतमपाशी सगळं तयार होतं. कान, मशीन, छाती, झोप. सुरुवात छातीपासून करावी असं त्याने ठरवलं होतं, ती इज्जतीची जागा होती. त्याने तोंड उघडलं, आणि निघालं ते भलतंच.

"आज माही पोरगी माह्यासाठी खोटं बोलली," तो म्हणाला.

"काय म्हणाली?"

"पेन पडला होता म्हणे."

एसीची घरघर, बाहेर कुठेतरी हॉर्न, हे सगळं त्याला नीट ऐकू येत होतं.

"पेन हातातच होता, मॅडम," तो म्हणाला, आणि ते इतक्या हळू म्हणाला की ऐकायला त्यांना पुढे वाकावं लागलं.